पुलापलीकडचा साचा

“एवढंच म्हणायचं, मास्तर. आमचा माल वेगळा, त्यांचा माल वेगळा. पुढे काही विचारलं तर, मला माहीत नाही.”

“आणि माहीत असलं तर?”

“तरी.”

कंपनीच्या वकीलबाई हसल्या. तशा त्या वाईट नव्हत्या. सकाळपासून कारखान्यातल्या एकेकाला बोलावून हेच पढवत होत्या, त्याने त्यांचा घसा बसला होता आणि समोरचा चहा कपातच गार झाला होता. मास्तर खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले होते. उभा जन्म उंच टेबलाशी उभ्याने काम करण्यात गेलेला. मऊ खुर्चीत पाठ टेकायची त्यांना सवयच नव्हती.

गोष्ट अशी होती. मास्तर ज्या कंपनीत चामड्याच्या पर्स बेतायचे, ती कंपनी पुलापलीकडची कंपनी विकत घेणार होती. पुलापलीकडचीही पर्सच बनवायची. दोन्ही मोठ्या, दोन्ही नावाजलेल्या. पण कंपनी विकत घेणं म्हणजे भाजी घेणं नव्हे. त्याला सरकारच्या स्पर्धा आयोगाची परवानगी लागत होती. आयोगाला शंका होती, की या दोघी एक झाल्या की गिऱ्हाइकाला दुसरं दुकान राहणार नाही आणि कारागिराला दुसरी नोकरी. कंपनीचं म्हणणं, छे, आमची त्यांची स्पर्धा होतीच कधी? आमची पर्स ऑफिसला जाणाऱ्या बायकांची, त्यांची हौसेने मिरवणाऱ्यांची. जे नव्हतंच ते संपणार कसं?

“तुमच्यासारखा साक्षीदार शोधून सापडायचा नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही इकडे, तुमच्या मिसेस तिकडे. या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या असत्या, तर असा सुखाचा संसार झाला असता का?”

मास्तर खुर्चीच्या कडेवर आणखी पुढे सरकले.

“त्यांचं कळलं मला. वाईट वाटलं.” वकीलबाईंनी कागद चाळले. “मुलगी आता तिकडेच आहे ना? आईच्याच टेबलावर? दोन कारखान्यांचा एक झाला की सगळ्यांना जागा होणार नाही. कोणाला ठेवायचं ते वर ठरतं. धमकी देत नाहीये हां मी. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.”

“पण बाई, मला तर काहीच माहीत नसणार आहे ना?” मास्तर म्हणाले आणि उठले.

लग्न झालं तेव्हाच नवरा-बायको दोन काठांवर कामाला होती. पहिल्याच आठवड्यात मास्तर घरी येऊन नवं बक्कल कसं बसवलं ते हौसेने सांगायला लागले, तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“अहो, थांबा, थांबा! उद्या माझ्या टेबलावर तसलंच बक्कल आलं तर मी काय करू? कामाचं सगळं दारातल्या पायपुसण्यावर ठेवायचं. आत आणायचं नाही.”

तो नियम झाला. आणि असा झाला की बघणाऱ्याला हसू यावं. दोघं पर्स बनवणारी, पण घरात एक पर्स नाही. बाजारात जायला कापडी पिशवी. पूल ओलांडला की मास्तर दुकानांच्या काचांकडे बघायचे नाहीत, नाकासमोर चालायचे. ती इकडे आली की तीही तशीच. शेजारचे काका म्हणायचे, “या घरात दोन देश नांदतात. सरहद्द ओलांडायची परवानगी फक्त चहाला.” मुलगी लहान असताना तिला शाळेत विचारलं, आईबाबा काय काम करतात? ती म्हणाली, “माहीत नाही. घरात सांगत नाहीत.” शाळेतल्या बाई घाबरून संध्याकाळी घरी आल्या.

एक गोष्ट मात्र सरहद्द ओलांडून यायची, पगारवाढ. तिकडे पगार वाढला की इकडच्या साहेबांच्या पोटात गोळा यायचा. चांगले हात पूल ओलांडून जातील या भीतीने लवकरच इकडेही वाढायचा. कधी उलटं व्हायचं. ती चहा ओतता ओतता म्हणायची, “मी काही बोलत नाही. पण तुमचा साहेब तुम्हाला बोलावणार आहे हां.” आणि साहेब बोलवायचा.

त्या चहाची किटली पितळेची होती. वरून कमानीसारखी कडी. संसाराच्या सुरुवातीलाच ती शेगडीवरून पडली आणि कडी एका बाजूला वाकली. कमानीचा उंचवटा मधोमध न राहता कडेला सरकला. ठोकून सरळ करायला मास्तरांना वेळ लागला नसता. पण वाकल्यावर ती हातात जास्त चांगली बसायला लागली. भरलेली किटली उचलली तरी मनगटाला रग लागत नसे. म्हणून ती तशीच राहिली.

एका वर्षी साहेबांनी सांगितलं, नवं काहीतरी द्या, सगळ्यांची हँडल सारखीच दिसतात. मास्तर संध्याकाळी चहा घेत बसले होते. समोर उभी राहून ती कप भरत होती. मास्तरांचं लक्ष त्या वाकड्या कडीवर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर हँडल काढलं, उंचवटा एका बाजूला असलेलं. पर्स उचलली की मनगटाला रग लागेना. साहेब खूश झाले.

ती पर्स दुकानात आली त्याच महिन्यात पुलापलीकडच्या कंपनीचीही नवी पर्स आली. तिचं हँडलही वाकडं. ते बेतलं होतं मास्तरांच्या बायकोने.

मग जे व्हायचं ते झालं. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींवर चोरीचा आळ घेतला आणि दोन्हींनी बोट एकाच घराकडे दाखवलं. मास्तरांचं ओळखपत्र काढून घेतलं, तिचंही. चौकशी संपेपर्यंत दोघांनी घरी बसायचं. तो सगळा हंगाम दोघं दिवसभर एकमेकांसमोर होती आणि नेमकं तेवढं सोडून जगातलं सगळं बोलत होती. आपण चोरी केली नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसऱ्याबद्दल विचारायचं म्हणजे आळच घ्यायचा. तो कोण घेणार? काही सापडलं नाही, म्हणून दोघांना परत घेतलं. पण तिला तिच्या विभागाची प्रमुख करायचं चाललं होतं, ते मागे पडलं ते कायमचंच. तिकडे तिला चिडवायचे, हँडलवाली.

गेल्या थंडीत दवाखान्यात ती उशीला टेकून बसली होती. हात सुकून गेले होते, अंगठ्यावर मात्र चामडं टोचायच्या आरीने पडलेला घट्टा तसाच होता. अचानक म्हणाली, “अहो, आता तरी सांगा ना. ते हँडल...”

मास्तर पुढे झुकले. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि स्वतःच हसायला लागली. हसण्याने खोकला आला.

“नको. नियम म्हणजे नियम. घरी गेल्यावर बघू.”

घरी ती आली नाही.

तेव्हापासून किटली कपाटावर होती. मास्तर एकट्यापुरता चहा पातेल्यात करत.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आली. अंगावरून चामड्याचा आणि डिंकाचा वास येत होता, आईच्या अंगाला यायचा तोच. तिने आल्या आल्या ओटा पुसायला घेतला. राग आला की ती ओटा पुसायची.

“बाबा, उद्या काय सांगणार आहेस?”

“विचारतील ते.”

“कोड्यात बोलू नको. आमच्याकडच्या निम्म्या बायका तुझ्या नावाने बोटं मोडताहेत आणि निम्म्या तुला साकडं घालताहेत. कोणी म्हणतं, एक झालो नाही तर आमची कंपनी बुडेल. कोणी म्हणतं, एक झालो तर आमचं शटर खाली. कुणालाच काही कळत नाहीये.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, व्हायचं ते होणारच. तुझ्यामाझ्यासारख्यांना विचारून कंपन्या लग्न करत नाहीत. तू फक्त ‘माहीत नाही’ म्हण. माझं टेबल राहील. मला पोर आहे, बाबा.”

“त्या वकीलबाईंनी तुलाही गाठलं का?”

मुलीने फडका पिळला. “गाठलं कशाला? जिन्यात भेटल्या. चौकशी केली. छान बोलतात.”

“छानच बोलतात.”

“मग? खोटं कुठे बोलायचंय तुला? गप्प राहायचंय. आयुष्यभर तेच केलंत ना दोघांनी घरात?”

हे मास्तरांना लागलं. मुलीलाही ते लागलं असावं, कारण जाताना तिने त्यांच्या सदऱ्याचं तुटायला आलेलं बटण लावून दिलं.

आयोगाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एक बंद पडलेलं घड्याळ. आयोगाचे अधिकारी तरुण होते, नाकावरून चष्मा सारखा वर ढकलत.

“पुलापलीकडची कंपनी तुमच्या कंपनीची स्पर्धक होती का? तुमच्या अनुभवाने सांगा.”

मास्तरांना सगळं पाठ होतं. आमचा माल वेगळा, त्यांचा माल वेगळा. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती कानांवर हात ठेवून उभी असलेली नवी नवरी. स्पर्धा नव्हतीच म्हटलं, तर ते कान तिने उगाच झाकले होते. तो सगळा हंगाम दोघं उगाच तोंड शिवून बसली होती. ते मागे पडलेलं प्रमुखपदही उगाच गेलं होतं.

“होती,” मास्तर म्हणाले. “आमच्या घरात होती.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

मास्तरांना भाषण येत नव्हतं. त्यांनी जसं सुचेल तसं, मागचं पुढे पुढचं मागे करत सांगितलं. पायपुसण्याचा नियम, जोडीने येणारी पगारवाढ, वाकडं हँडल, काढून घेतलेली ओळखपत्रं. “स्पर्धा नव्हती, तर आमच्यावर नजर कशाला ठेवली, साहेब? माझी बायको त्यांच्या दृष्टीने कोणीच नव्हती, तर तिला घरी का बसवली?”

“ते हँडल तुम्ही कशावरून घेतलंत?”

“घरच्या किटलीवरून.”

“आणि तुमच्या पत्नीने?”

“विचारलं नाही कधी.”

मग वकीलबाई उठल्या. बसलेला घसा खाकरून त्यांनी शांतपणे, अगदी आदराने विचारलं, “चौकशीत चोरी सिद्ध झाली?”

“नाही.”

“तुम्हा दोघांना कामावर परत घेतलं?”

“घेतलं.”

“पगार कापला?”

“नाही.”

“म्हणजे गैरसमज झाला होता, तो मिटला. आणि तुमच्या पत्नीने ते कुठून घेतलं, हे तुम्हाला आजही माहीत नाही.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “माहीत नाही.”

शेवटी ते त्यांच्या तोंडून आलंच. वकीलबाई खाली बसल्या.

निकाल यायला बराच काळ गेला. आयोगाने परवानगी दिली. अट अशी, की कमरेचे पट्टे बनवणारा एक छोटा विभाग तिसऱ्या कोणाला तरी विकायचा. कागदावर दोघींची स्पर्धा ‘मर्यादित’ ठरली. मास्तरांची साक्ष त्यात कुठे होती की नव्हती, ते कोणी सांगितलं नाही.

पुलापलीकडच्या कारखान्याचं शटर खाली आलं. थोड्या बायकांना इकडे घेतलं, मुलीला घेतलं नाही. साक्षीमुळे, की नाहीतरी घेणारच नव्हते? विचारायची सोय नव्हती आणि विचारलं असतं तर सगळे छानच बोलले असते. मास्तरांना मात्र ठेवलं. साक्ष दिलेल्या माणसाला काढलं तर बोभाटा होईल, असं कोणीतरी वर म्हणालं म्हणे. त्या वर्षी पगार वाढला नाही. कोणाच्याही पोटात गोळा आला नाही. जाणार कुठे? पुलापलीकडे आता भाड्याची गोदामं होती.

मुलगी एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालायला लागली. वडिलांकडे यायची, सामान ठेवायची, ओटा पुसून जायची. बोलणं हो-नाहीपुरतं.

एका सकाळी पुलापलीकडचे साचे टेम्पोतून आले. साचा म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा. तो चामड्यावर ठेवायचा आणि कडेने रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, फिरवायची. एकेका पर्सचे असे पुष्कळ तुकडे, दोरीत ओवलेले. साहेबांनी मास्तरांना सांगितलं, “दोन्हीकडचं सारखं सारखं असेल ते बघा. एक ठेवा, एक काढा. दोन दोन सांभाळायला जागा नाही.”

काढायचा साचा नुसता टाकत नसत. रापीने मधोमध कापायचा, म्हणजे कोणाच्या हाती लागला तरी उपयोगाचा नाही. ही पद्धत दोन्ही काठांवर एकच होती.

शेजारच्या टेबलावरचा जुना सोबती, ज्याला सगळे सुतळी म्हणत, तो जुडग्यांच्या दोऱ्या सोडून देत होता. त्याने एक जुडगं मास्तरांपुढे सरकवलं आणि जरा घुटमळून म्हणाला, “वहिनींचं आहे. मी करू का हे?”

“नको. मी करतो.”

हँडलचा साचा सगळ्यात वर होता. मास्तरांनी पहिल्यांदाच तो हातात घेतला. कडा इतकी साफ कापलेली, की बोट फिरवलं तर कुठे अडखळू नये. साच्याची दर्शनी बाजू कुठली ते कळायला प्रत्येकजण आपली खूण करतो. तिने आरीने टोचून टिंबाटिंबांचा बाण काढला होता. मुलीचे फ्रॉक बेतताना कापडावर काढायची तसाच, टोक जरा मोठं.

मास्तरांनी आपला साचा खुंटीवरून काढला आणि दोन्ही दर्शनी बाजू वर करून एकावर एक ठेवले.

जुळेनात.

त्यांना वाटलं आपला उलटा पडला. बघितलं, तर सुलट होता. तिचा बघितला, बाण वर. उंची तीच, बाक तोच. पण मास्तरांच्या हँडलचा उंचवटा डावीकडे होता आणि तिचा उजवीकडे.

पर्स हातात आली की पुढची बाजू कुठली, मागची कुठली, कोण बघतं? चौकशीत त्यांना तिच्या पर्सचा नुसता फोटो दाखवला होता, तोही लांबून. वाकडं आहे एवढंच सगळ्यांनी पाहिलं, कुठे वाकडं ते कोणी पाहिलं नाही. आणि ज्याला हे एका नजरेत कळलं असतं, तो तर दुकानाच्या काचेकडे न बघता नाकासमोर चालत होता.

“काय झालं?” सुतळीने विचारलं.

“काही नाही. आज राहू दे हे.”

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मास्तर स्टुलावर चढून कपाटावरची किटली काढत होते.

“अरे पडशील, बाबा! उतर. मी काढते.”

“काढली. घासून चहा कर हिच्यात.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने किटली घासली, चहा केला. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीकडे पाठ करून बसले.

“आई कुठे उभी राहायची चहा ओतताना?”

“इथेच की. तुझ्यासमोर, शेगडीकडे. का?”

“तिथे उभी राहा. किटली मध्ये ठेव. हां. आता सांग, कडी कुठे वर आलीये?”

“हे काय काढलंस?”

“सांग गं.”

“उजवीकडे.”

“मला डावीकडे दिसते,” मास्तर म्हणाले.

मुलीने आधी कडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ती आईच्याच टेबलावर तयार झालेली होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही. हळूच खुर्ची ओढून ती खाली बसली.

“म्हणजे आईने पण...”

“तिच्या बाजूने.”

चहा कपात ओतायचा राहिला. मुलगी म्हणाली, “दवाखान्यात मला म्हणाली होती ती. तुझ्या बाबांना एक गंमत सांगायचीये, पण घरी गेल्यावर.” आणि तिने तोंड पदराने झाकावं तसं ओट्यावरच्या फडक्याने झाकलं. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती दिवसांनी ठेवला. मग उठून त्यांनीच कप भरले.

दुसऱ्या दिवशी साहेब फेरीवर यायच्या आत मास्तरांनी रापीला धार लावली. एक साचा टेबलावर आडवा ठेवला, मधोमध पट्टी धरली आणि एका दमात कापला.

सुतळी वाकून बघत होता. “मास्तर, अहो, हा तर तुमचा!”

“हो.”

“साहेब विचारतील.”

“म्हणावं, दोन दोन सांभाळायला जागा नव्हती.”

त्यांनी दोन्ही तुकडे कचऱ्याच्या खोक्यात टाकले. मग तिचा साचा घेतला, हाताने पुसला, आणि आपल्या खुंटीवर बाण दर्शनी ठेवून अडकवला. खाली नव्या मालाचं चामडं पसरलेलं होतं. मास्तरांनी बाह्या वर सारल्या आणि पहिलं हँडल तिच्या बाजूने बेतायला घेतलं.